मृत्युदिनाची बाकी

व्यापाऱ्याच्या घरात दुकानाचा हिशेब पै-पैशाने ठेवला जातो. रात्री गल्ला मोजताना पन्नास रुपये कमी भरले, तर मेळ बसेपर्यंत कीर्द मिटवली जात नाही. परंतु त्याच घरातील वडीलधारी व्यक्ती निधन पावली, की तिच्या स्वतःच्या बचत खात्यात त्या दिवशी किती रक्कम शिल्लक होती, हा प्रश्न उच्चारणेदेखील अशोभनीय मानले जाते. ‘अजून अस्थी थंड झाल्या नाहीत आणि हिला पैशाचे सुचते’ हे वाक्य बहुधा घरातील मुलीला किंवा धाकट्या सुनेला ऐकावे लागते. या संकोचाच्या आडोशानेच मृत व्यक्तीच्या खात्यातील रक्कम हलवली जाते, आणि ती हलवणारा हात बाहेरच्याचा क्वचितच असतो.

घटनेचा क्रम साधारणपणे ठरलेला आहे. उठावण्यापर्यंत बँकेचे नाव कोणी काढत नाही. नंतर दुकान उघडते, लेक सासरी परतते, आई एका खोलीत स्थिरावते. पाच-सहा महिन्यांनी विवरणपत्र भरण्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट खातेउतारा मागतात आणि त्या उताऱ्यात मृत्यूच्या तारखेनंतरच्या नोंदी दिसू लागतात. एटीएममधून सलग आठ दिवस काढलेली रक्कम, एखाद्या अनोळखी खात्यावर झालेला भरणा, पूर्वीची तारीख घातलेला एक मोठा चेक. जो मनुष्य त्या तारखेस हयातच नव्हता, त्याच्या नावाने हे व्यवहार झालेले असतात.

अशा वेळी घरात दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष ‘चोर’ हा शब्द उच्चारतो आणि बोलणे कायमचे बंद होते. दुसरा पक्ष ‘घरचेच पैसे घरात राहिले’ असे म्हणून तोंड मिटतो आणि ती गोष्ट पुढची वीस वर्षे मनात कुजत ठेवतो. दोन्ही पक्ष ज्या एका कामाला हात घालत नाहीत, ते म्हणजे हिशेब. मृत्यूच्या दिवशीची बाकी कागदावर लिहून तिच्यापुढे प्रत्येक जमा-नावे मांडणे, एवढेच ते काम. ते वेळेवर झाले तर बहुतेक प्रकरणे घराबाहेर जात नाहीत. आणि झाले नाही, तर न्यायालयातही प्रारंभ त्याच कागदापासून करावा लागतो.

रक्कम कोणत्या वाटांनी जाते

पहिली वाट मृताचे एटीएम कार्ड आणि मोबाइल यांची. वृद्धापकाळात पिन क्रमांक घरातील कोणाला तरी ठाऊक असतोच. औषधपाण्यासाठी तो सोयीचाही असतो. परंतु ती परवानगी खातेदाराच्या आयुष्यापुरती असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार, ज्याच्या वतीने काम करायचे त्या व्यक्तीच्या मृत्यूबरोबर प्रतिनिधीचा अधिकार संपतो. मुखत्यारपत्र, खाते चालविण्याचे अधिकारपत्र आणि तोंडी दिलेली मुभा या सर्वांना हाच नियम लागू आहे. ‘बाबांनीच मला पिन सांगून ठेवला होता’ हे विधान खरे असले, तरी मृत्यूनंतरच्या व्यवहाराचे ते समर्थन ठरत नाही.

दुसरी वाट सही करून ठेवलेल्या कोऱ्या चेकची. व्यापाऱ्यांची ही जुनी सवय आहे. मालक परगावी जाताना चार चेकवर सह्या करून तिजोरीत ठेवतो, कारण मालाचा ट्रक केव्हा येईल याचा नेम नसतो. मालक गेल्यानंतर त्याच चेकवर मागील तारीख व रक्कम कोणी तरी भरतो. सही अस्सल असल्याने बँकेला संशय येत नाही. मात्र मृत व्यक्तीचा चेक तिच्या पश्चात भरणे हा साधा व्यवहार नसून गंभीर गैरकृत्य आहे, हे भरणाऱ्याने ओळखून असावे.

तिसरी वाट संयुक्त खात्याची आणि चौथी नामनिर्देशनाची. या दोन्ही वाटांवर बँक स्वतःहून व कायदेशीर रीतीने पैसे देते, म्हणून त्यांच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत.

बँक ज्याला देते, तो मालक असतो का?

‘दोहोंपैकी कोणीही अथवा उत्तरजीवी’ या पद्धतीचे खाते असल्यास एकाच्या मृत्यूनंतर बँक दुसऱ्याला रक्कम देते. नामनिर्देशन असल्यास नॉमिनीला देते. या दोन्ही प्रसंगी बँक आपल्या जबाबदारीतून मुक्त होते. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ मध्ये नामनिर्देशनाची ही तरतूद आहे आणि तिचा हेतू बँकेचे काम सुलभ करणे व कुटुंबाला रक्कम लवकर मिळवून देणे हा आहे.

बँक मुक्त झाली म्हणजे वारस बेदखल झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका बँक खात्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, तिची मालकी मिळत नाही. आयुर्विम्याच्या रकमेबाबत हेच तत्त्व त्या न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले होते आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये त्याचीच पुष्टी केली. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर नॉमिनी हा माल उतरवून घेणारा अडत्या आहे. माल त्याच्या गोदामात उतरला म्हणून तो त्याचा होत नाही.

संयुक्त खात्यातही प्रश्न तोच असतो. वडिलांनी स्वतःच्या कमाईची रक्कम ठेवली आणि केवळ बँकेत जाण्या-येण्याच्या सोयीसाठी एका मुलाचे नाव दुसरे लावले, तर त्या मुलाला रक्कम काढता येते. पण ती त्याला बक्षीस दिली होती असे आपोआप ठरत नाही. पैसे कोणाचे होते आणि नाव कोणत्या हेतूने लावले, हे पुराव्यावरून ठरते.

मग मालक कोण? मृत्युपत्र असल्यास ते ज्याला देते तो. मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. हा अधिनियम जैनांना लागू आहे, हे त्याच्या आरंभीच नमूद आहे. त्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा वाटा समसमान असतो. स्त्रीच्या मालमत्तेत सर्वसाधारणपणे तिचे मुलगे, मुली आणि पती हे प्रथम वारस होत. विवाहित मुलीचा वाटा विवाहामुळे कमी होत नाही. लग्नात खर्च झाला, दागिने दिले, या गोष्टी कुटुंबाच्या चर्चेत येऊ शकतात. वारसाच्या गणितात त्या आपोआप वजा होत नाहीत.

खर्च किती, अपहार किती

मृत्यूनंतर काढलेली प्रत्येक रक्कम चोरीची असते असे समजणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालयाचे अंतिम देयक भरल्याशिवाय पार्थिव घरी आणणे अवघड होते. अंत्यविधी, पाहुण्यांची सोय, शुश्रूषा करणाऱ्या सेवकाचे राहिलेले वेतन हे खर्च लगेच उभे राहतात. ज्याच्या हाती कार्ड असते तो त्यातूनच ते भागवतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा जो क्रम दिला आहे, त्यातही अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजाराचा रास्त खर्च अग्रभागी आहे, आणि अखेरच्या तीन महिन्यांतील सेवकांचे वेतन इतर ऋणांच्या आधी येते. पद्धत चुकीची असली, तरी असा खर्च मृताच्या मालमत्तेवरच पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी असे चार वारस आहेत. मृत्युपत्र नाही. मृत्युदिनी खात्यात १२,००,००० रुपये होते. थोरल्या मुलाने पुढील वीस दिवसांत ३,६०,००० रुपये काढले. खात्यात ८,४०,००० रुपये उरले. मुलीने उतारा पाहिला आणि ‘दादाने साडेतीन लाख गिळले’ असे घरभर झाले.

आता पावत्या मांडू. रुग्णालयाचे देयक १,१०,००० रुपये, अंत्यविधी व उठावणा ४०,००० रुपये, सेवकाचे वेतन ३०,००० रुपये. एकूण १,८०,००० रुपये रास्त खर्च निघाला. उरलेल्या १,८०,००० रुपयांचा जाब थोरल्याला देता आला नाही. ते त्याने स्वतःच्या देण्यात भरले. वाटपाची खरी रक्कम १२,००,००० वजा १,८०,०००, म्हणजे १०,२०,००० रुपये. चार वारसांना प्रत्येकी २,५५,००० रुपये. थोरल्याने १,८०,००० आधीच उचलले, म्हणून त्याला आता फक्त ७५,००० रुपये मिळावेत आणि आई, धाकटा व मुलगी यांना प्रत्येकी २,५५,००० रुपये. बेरीज बरोबर ८,४०,००० येते. ताळा जमला.

या उदाहरणातून तीन गोष्टी दिसतात. आरोप ३,६०,००० रुपयांचा होता, गैरउचल त्याच्या निम्मी निघाली. ती निम्मी उचल मात्र खरी होती आणि भावाच्या नात्याखाली ती झाकणे योग्य नव्हते. तिसरी गोष्ट ही, की कोणालाही खिशातून रोख परत करावी न लागता केवळ वाट्यातून वळती करून मामला मिटला. हिशेब झाला नसता, तर मुलगी साडेतीन लाखांचा राग धरून बसली असती आणि थोरला भाऊ रुग्णालयाच्या पावत्या आठवून स्वतःला निर्दोष समजत राहिला असता.

दानाचाही विचार येथेच करावा. उठावण्यात वडिलांच्या स्मरणार्थ पांजरापोळीला किंवा जीवदयेला एखादा आकडा जाहीर करण्याची प्रथा स्तुत्य आहे. परंतु तो आकडा वडिलांच्या खात्यातून द्यायचा असेल, तर आई आणि बहिणी यांची संमती आधी हवी. त्यांच्या वाट्याचे दान त्यांना न विचारता जाहीर झाले, तर पुण्याचा धनी कोण, हे ठरवण्याआधी रक्कम कोणाची हे ठरवावे लागेल. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही शिकवण घरातल्या घरात शिथिल होत नाही.

‘तो पैसा दुकानाचा होता’

व्यापारी कुटुंबात आणखी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ‘बाबांच्या खात्यातली रक्कम वस्तुतः दुकानाची, मी दुकान चालवतो, म्हणून ती दुकानात वळती केली.’ कधी कधी हे खरे असते. गिऱ्हाइकांनी उधारी वडिलांच्या व्यक्तिगत खात्यावर भरलेली असते, किंवा दुकानातून घेतलेली उचल परत करायची राहिलेली असते. या युक्तिवादाची परीक्षा वह्यांतच होते. दुकान वडिलांच्या एकट्याच्या मालकीचे असेल, तर दुकानाच्या खात्यातली शिल्लक हीसुद्धा वडिलांचीच मालमत्ता. म्हणजे या युक्तिवादाने वारसांचा हक्क कमी होण्याऐवजी वाढतो. भागीदारी असेल, तर भागीदारीच्या खतावणीत वडिलांचे भांडवल खाते किती बाकी दाखवते ते पाहावे. हिंदू अविभक्त कुटुंबाचे खाते असेल, तर त्याचा पॅन वेगळा, मालमत्ता वेगळी आणि वाटणीचे नियमही वेगळे. तेथेही २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क आहे. तीन प्रकारची रक्कम एका पिशवीत ओतली की ज्याच्या हाती पिशवी तोच मालक होतो. म्हणून प्रत्येक खाते वेगळे मांडावे.

पहिल्या पंधरा दिवसांत करावयाची कामे

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात. दाखला हाती येण्याची वाट न पाहता प्रथम प्रत्येक बँकेला लेखी कळवावे की खातेदाराचे अमुक तारखेस निधन झाले असून कार्ड, इंटरनेट बँकिंग, मोबाइल बँकिंग, यूपीआय व उर्वरित चेक तत्काळ बंद करावेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. या पोचेचे महत्त्व मोठे आहे. बँकेला मृत्यूची माहितीच नव्हती आणि योग्य पिन वापरून पैसे काढले गेले, तर बँकेला सहसा जबाबदार धरता येत नाही. सूचना पोहोचल्यानंतरही तिने चेक वटवला, तर जाब तिला द्यावा लागतो. कोणत्याही वारसाला असे पत्र देता येते. त्यासाठी सर्वांच्या सह्या लागत नाहीत.

खाते थांबवले म्हणजे येणे बुडेल अशी भीती बाळगू नये. लाभांश, भाडे, उधारी यांसारख्या मृताच्या नावे येणाऱ्या रकमा जमा करण्यासाठी मृताच्या संपदेच्या नावाने खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मात्र त्यातून पैसे काढता येत नाहीत. निवृत्तिवेतन जमा होत असेल, तर त्या कार्यालयालाही कळवावे. मृत्यूनंतरच्या काळाचे निवृत्तिवेतन वारसांचे नसते. ते परत करावे लागते.

मृताचा मोबाइल आईच्या किंवा सर्वांना मान्य असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात द्यावा आणि त्यातील बँकेचे संदेश पुसू नयेत. कोणत्या बँकेत खाते होते, केव्हा किती काढले गेले, याचा तो सर्वांत सहज मिळणारा पुरावा आहे. एटीएमवरील चित्रीकरण मर्यादित काळच जपले जाते, म्हणून वादाची शंका असल्यास ते जपून ठेवण्याची लेखी विनंती विनाविलंब करावी. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर घेता येतो. दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवी ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात, तरी त्यांवरील वारसांचा हक्क संपत नाही.

एक इशारा विशेषतः मुलींसाठी. दाव्याच्या अर्जाबरोबर इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडले जाते. ‘बँकेची औपचारिकता आहे, येथे सही कर’ असे सांगून ते पुढे केले जाते. त्या पत्राने रक्कम कोणाला द्यावी याला संमती मिळते आणि पुढे तोच कागद हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. ज्या भगिनीला आपला वाटा भावाला द्यायचा आहे, तिने तो आनंदाने द्यावा. पण मृत्युदिनाची बाकी पाहून द्यावा. किती दिले हे ठाऊक नसताना दिलेल्या गोष्टीला दान म्हणत नाहीत.

विचारणा कशी करावी

रक्कम काढली गेल्याचे लक्षात आले, की पहिले संभाषण आरोपाचे नसावे. ‘दादा, बाबांच्या खात्याचा उतारा आणला आहे. रविवारी आईसमोर सगळे बसून खर्च लिहून काढू. तुझ्याकडच्या पावत्याही घेऊन ये’ एवढे पुरेसे आहे. ज्याने खरोखर खर्च केला त्याला या वाक्याने सुटल्यासारखे वाटते. ज्याने उचल केली त्यालाही ती ‘माझ्या वाट्यातून धरा’ असे म्हणण्याची संधी मिळते. चारचौघांत, लग्नघरी किंवा समाजमाध्यमावरील कुटुंबाच्या गटात हा विषय काढला, तर ती संधी नाहीशी होते आणि मनुष्य पैशापेक्षा स्वतःची अब्रू वाचवू लागतो.

बैठकीत मध्यस्थ घ्यावा लागला, तर तो ज्येष्ठ असून भागत नाही. तो निःस्पृहही असावा. ज्या काकांची रक्कम थोरल्या पुतण्याच्या दुकानात व्याजाने गुंतली आहे, त्यांनी या प्रकरणात मध्यस्थी करू नये. घराचे हिशेब लिहिणारे चार्टर्ड अकाउंटंट अनेकदा अधिक उपयोगी पडतात, कारण ते नात्यावर बोलत नाहीत, आकड्यांवर बोलतात. जे ठरेल ते त्याच दिवशी कागदावर उतरवावे: मृत्युदिनाची बाकी, मान्य खर्च, मान्य उचल, प्रत्येकाचा वाटा, परतफेडीची तारीख, सर्वांच्या सह्या. स्थावर मालमत्तेचाही समावेश होत असेल, तर नोंदणी व मुद्रांकाविषयी वकिलांना विचारल्याखेरीज सही करू नये.

आईची सोय हा या कागदातला पहिला परिच्छेद असावा. पतीच्या ठेवींवरील व्याजावर जिचा महिना भागत होता, तिच्या नावावर काय उरले, हे पाहिल्यावाचून भावंडांनी वाटे पाडू नयेत. मुलांनी तिला निराधार केले असेल, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ खाली तिला निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्या न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसते.

बोलणे खुंटले तर

काही प्रकरणे संभाषणाने सुटत नाहीत. ज्याने पैसे घेतले तो उतारा पाहण्यासही नकार देतो, किंवा उरलेली रक्कमही काढण्याच्या तयारीत असतो. तेव्हा नात्याची भीड बाळगून थांबणे म्हणजे त्याला साह्य करणे होय.

नामनिर्देशन नसेल आणि वारसांत वाद असल्याचे बँकेला लेखी कळवले, तर बँक न्यायालयाचा आदेश किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. हे प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून मिळते. दुसऱ्याने अर्ज केला असल्यास त्यात हरकत घेता येते. वाद नसेल, तर मात्र बँकांनी सोपी पद्धत अवलंबावी, असा रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांचा रोख आहे. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी ही मर्यादा व्यापारी बँकांत किमान १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपये असून कागदपत्रे पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

नामनिर्देशन असेल, तर केवळ बहिणीच्या किंवा भावाच्या पत्राने बँकेला नॉमिनीचे पैसे थांबवता येत नाहीत. कायदा तसे पत्र विचारात घेण्याची मुभा बँकेला देत नाही. न्यायालयाचा आदेश मात्र तिला पाळावाच लागतो. म्हणून शाखाधिकाऱ्याशी वाद घालण्यात दिवस न घालवता वकिलांमार्फत नोटीस द्यावी आणि गरज पडल्यास हिशेब, वाटप व तात्पुरत्या मनाईचा दावा दाखल करावा. रक्कम वसुलीच्या दाव्यांना सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. ‘मुलीचे लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू’ असे म्हणत ही मुदत गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. दावा दाखल झाल्यानंतरही मध्यस्थी व लोकअदालतीचा मार्ग खुला राहतो.

फौजदारी मार्ग शेवटचा आहे, तरी तो आहे हे सर्वांना माहीत असावे. मृत्युसमयी मृताच्या ताब्यात असलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. खोटी सही केली असेल, तर बनावटीकरणाचे गुन्हे वेगळे. वारसांतील वाद दिवाणी स्वरूपाचा आहे असे सांगून पोलीस अनेकदा परत पाठवतात. परंतु खोटी सही आणि मागील तारखेचा चेक या गोष्टी त्या उत्तरात बसत नाहीत. तक्रार करायची ती सत्य बाहेर यावे म्हणून करावी. केवळ धाक घालून वाटा वाढवून घेण्यासाठी केलेली तक्रार करणाऱ्यावरच उलटते.

हयातीतच केलेली व्यवस्था

या सर्व प्रसंगांवरचा उतारा खातेदाराच्या स्वतःच्या हाती असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा टक्केवारीतील हिस्साही नमूद करता येतो. पत्नी, मुलगा व मुलगी तिघांची नावे लिहिली, तर रक्कम एकाच हाती जाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. तरीही मालकी ठरवण्यासाठी मृत्युपत्रच हवे. दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते; नोंदणी बंधनकारक नाही, पण हितावह आहे. खात्याला मुलाचे नाव केवळ सोयीसाठी लावले असेल, तर तसे एका ओळीत लिहून, सही करून ठेवावे. कोऱ्या चेकवर सही करण्याची सवय आजच सोडावी.

दिवाळीला नव्या चोपड्यांचे पूजन होते, तेव्हा कुटुंबप्रमुखाने आणखी एक पान लिहावे: बँक, शाखा, खात्याचा प्रकार, नॉमिनी, मुदत ठेवीची तारीख, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. ते पान पत्नीला आणि मुला-मुलींना समसमान दाखवावे. पिन क्रमांक त्यावर लिहू नये; ज्यांना हिशेब ठाऊक असायला हवा, त्यांना तो ठाऊक असावा एवढाच त्या पानाचा हेतू आहे.

आणि ज्याच्या हातून अशी उचल पूर्वी कधी झाली असेल, त्याच्यासाठीही वाट बंद झालेली नाही. संवत्सरीला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना समोरच्या बहिणीच्या मनात तो जुना उतारा असतो, हे दोघांनाही ठाऊक असते. त्या दिवसाआधी आकडा लिहून तिच्यापुढे ठेवावा, परतफेडीचे हप्ते ठरवावेत आणि पहिला हप्ता त्याच वेळी द्यावा. क्षमा मागणे त्यानंतर सोपे होते, देणेही.

(पुढील अंकात : बँकेतील लॉकर आणि वारसांचे हक्क)